आधी जुन्या डिस्कची वायर काढा

वाचकांचे प्रश्न : घरचा संगणक

प्रश्न : ताई, मी सदुसष्ट वर्षांचा आहे, सिंचन खात्यातून निवृत्त. घरी २०१२ साली घेतलेला डेस्कटॉप आहे : कोअर आय-थ्री २१०० प्रोसेसर, एच-६१ चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. आधी विंडोज ७ होतं, त्यावरच भाच्याने विंडोज १० चढवलं. बटण दाबल्यापासून काम करण्याजोगा व्हायला आठ-नऊ मिनिटं लागतात. आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत मी त्यावर नऊ वर्षांपासून लिहितो आहे. चारशे पानं झाली, सगळी जुन्या मराठी फॉन्टमध्ये. दुकानदार म्हणतो, बोर्ड जुना आहे, एसएसडी लावून उपयोग नाही, नवा घ्या. भाचा म्हणतो, एसएसडी लावू. कोणाचं ऐकू? आणि मला स्वतःला हे जमेल का?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : काका, भाच्याचं ऐका. एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क. प्रोसेसर जुना आहे हे खरं, पण त्या आठ-नऊ मिनिटांना तो जबाबदार नाही. खात्री करायची असेल तर संगणक सुरू झाल्याबरोबर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘डिस्क’चा रकाना बघा. तिथे १०० टक्के दिसेल आणि कितीतरी वेळ तो आकडा खाली येणार नाही. शेजारी सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आकडा मात्र बराच खाली असेल. स्वयंपाकी ओट्याशी उभा आहे आणि कोठीतून सामानच येत नाही, अशी ही अवस्था.

तुमच्या हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेत असेल, म्हणजे एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. वाचणारं हेड योग्य वर्तुळावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद, मग हवी ती जागा त्याच्याखाली फिरून यायला सरासरी अर्धा फेरा. सगळं मिळून एका ठिकाणी पोचायला बारा-तेरा मिलिसेकंद जातात. सेकंदाला जेमतेम पाऊणशे-ऐंशी ठिकाणी जाऊन येणं होतं, आणि विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली इकडून तिकडून मागत असतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिथे तीच जागा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास हाती येते.

दुकानदाराचं अर्धं बोलणं खरं आहे. एच-६१ हा बोर्डावरचा चिपसेट. त्याला साटाचे, म्हणजे डिस्क जोडायचे, चार पोर्ट असतात आणि चारही दुसऱ्या पिढीचे, सेकंदाला ३ गिगाबिटचे. ६ गिगाबिटचा पोर्ट त्यात नाही. त्यामुळे खोक्यावर सेकंदाला ५५० मेगाबाइट लिहिलेली एसएसडी तुमच्याकडे पावणेतीनशेच्या आसपास थांबेल. पाच जीबीचा लग्नाचा व्हिडिओ कॉपी करताना हा फरक कळेल. पण संगणक सुरू होताना, वर्ड उघडताना, ब्राउझर उघडताना लहान लहान तुकडेच वाचले जातात; तिथे ती मर्यादा गाठलीच जात नाही. मी शाळेच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढली. आमच्याकडे याच चिपसेटची चौदा मशीनं होती. चाळीस मिनिटांच्या तासातली सहा-सात मिनिटं मुलं नुसती पडद्याकडे बघत बसायची. २०१९ च्या उन्हाळी सुटीत आम्ही एसएसडी लावल्या आणि जूनमध्ये मुलं खुर्ची ओढून बसेपर्यंत डेस्कटॉप समोर यायला लागला. बोर्ड तेच, प्रोसेसर तोच.

आता काय घ्यायचं. सिल्व्हर मॉलला किंवा कुठेही जा, पण शब्द नेमके वापरा : ‘अडीच इंची साटा एसएसडी’. बोटभर लांबीची उघडी पट्टी दाखवतील, ती एम-डॉट-टू. तिच्यासाठी तुमच्या बोर्डावर जागा नाही. ‘कार्डावर बसवून देतो’ असं कोणी म्हटलं तरी नको. एनव्हीएमई, म्हणजे साटाऐवजी वेगळ्या मार्गाने जोडली जाणारी पट्टी, कार्डावर दिसेल, चालेलही, पण इतक्या जुन्या बोर्डांचं बायोस (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) सहसा तिच्यावरून विंडोज सुरू करू शकत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच करायचं आहे. ४८० जीबीची घ्या. भाव सतत खालीवर होतात, म्हणून आकडा लिहीत नाही. सोबत एक साटा डेटा केबल आणि अडीच इंची डिस्क मोठ्या खाचेत बसवायची चौकट. जमलं तर डीडीआर-३ ची ४ जीबी रॅम आणखी एक. तुमच्या पिढीच्या मशीनला १३३३ मेगाहर्ट्झची लागते.

बसवण्याआधीचं काम बसवण्यापेक्षा मोठं आहे. कुळवृत्तांताची आख्खी फोल्डर एका पेनड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी उतरवा : भाच्याच्या लॅपटॉपवर, बाहेरच्या हार्ड डिस्कवर, कुठेही. मग फॉन्ट. जुन्या मराठी फॉन्टमधली अक्षरं आतून इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नसेल तर तुमची चारशे पानं उघडतील, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसेल. मजकूर गेलेला नसतो, तरीही बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. म्हणून सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स या क्रमाने जाऊन तुमचे मराठी फॉन्ट कॉपी करून मजकुरासोबतच ठेवा. टायपिंगचं सॉफ्टवेअर असेल तर त्याची सीडी, डोंगल आणि क्रमांकाचा कागद शोधून ठेवा. घरात कोणी टॅलीवर हिशेब ठेवत असेल, तर आधी टॅलीतच लायसन्स ‘सरेंडर’ करायची सोय आहे, ती वापरा. नव्या विंडोजवर ते पुन्हा चालू करता येतं.

भाचा कदाचित म्हणेल, क्लोन करू, जसंच्या तसं उतरवू. तुमच्या बाबतीत मी नको म्हणेन. सातवर दहा चढवलेलं विंडोज आहे, नऊ-दहा वर्षांचा गाळ त्यात आहे, शिवाय ५०० ची डिस्क ४८० वर उतरवताना बरीच सॉफ्टवेअरं अडतात. कोरं विंडोज घाला. तुमचं विंडोज १० आत्ता ‘ॲक्टिव्हेटेड विथ अ डिजिटल लायसन्स’ असं दाखवत असेल, तर तो परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असतो. त्याच बोर्डावर तीच आवृत्ती पुन्हा घातली, की इंटरनेट मिळताच ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो.

आता कॅबिनेट. बंद करून भिंतीतली पिन काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. डावी बाजू उघडा. तेरा वर्षांची धूळ असेल; ओल्या फडक्याने नाही, कोरड्या ब्रशने, गॅलरीत नेऊन काढा. आत हात घालण्याआधी पत्र्याच्या उघड्या भागाला बोट लावा, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत तर नक्कीच.

हार्ड डिस्कच्या पाठीमागे दोन वायरी दिसतील. बारकी चपटी, बहुतेक लाल, ती डेटाची. रुंद, काळ्या तोंडाची, ती एसएमपीएसकडून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, येणारी वीज. दोन्हींच्या तोंडाशी इंग्रजी एल अक्षरासारखी खाच आहे, त्यामुळे उलटी बसतच नाही. बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवून बघा. इतक्या वर्षांत प्लास्टिक कडक होतं आणि एसएसडीची ती नाजूक जीभ तुटली की डिस्क गेली. डेटाच्या वायरीला वर बारीक पत्र्याची चिमटी असते, ती दाबून धरा आणि सरळ मागे ओढा. एसएमपीएसच्या त्याच माळेवर विजेचं दुसरं तोंड मोकळं लोंबत असतं, ते एसएसडीला द्या. तसं नसेल आणि जुन्या चार पिनांच्या तोंडावरून जोडणी घ्यावी लागली, तर ओतीव प्लास्टिकची स्वस्त वायर घेऊ नका. तिच्यात आतल्या तारा एकमेकींना लागून जळाल्याचे प्रकार झाले आहेत. वेगळ्या पिना दाबून बसवलेली, उघडून बघता येणारी घ्या.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे ते. विंडोज घालायच्या आधी जुन्या हार्ड डिस्कची डेटाची वायर काढून टाका. आत फक्त एसएसडी जोडलेली राहू द्या.

याचं कारण मी माझ्या हाताने अनुभवलं आहे. २०१७ साली दिवाळीच्या आधी मी रामबागेत आत्याकडे एसएसडी लावली. घाई होती, दोन्ही डिस्का जोडलेल्याच ठेवल्या. विंडोज एसएसडीवर गेलं, मशीन पळायला लागलं, आत्या खूश. मला जे दिसलं नाही ते असं : दोन डिस्का जोडलेल्या असल्या, तर विंडोज आपला संसार नव्या डिस्कवर थाटतं, पण सुरू व्हायची किल्ली, तो ‘सिस्टिम रिझर्व्ड’ नावाचा छोटासा भाग, जुन्या डिस्कवर आधीच असेल तर तिथेच ठेवतं. दोन महिन्यांनी मी जुनी डिस्क काढून घरी आणली आणि दुसऱ्या मशीनसाठी फॉरमॅट केली. त्या रात्री आत्याचा फोन आला. काळा पडदा, वर एक पांढरी ओळ, बूट डिव्हाइस निवडा म्हणून. एसएसडीवरचं सगळं शाबूत होतं, फक्त किल्ली मी पुसली होती. ती नव्याने बनवता येते, रात्री दोनला बनवलीही. पण त्याच जुन्या डिस्कवर डी ड्राइव्हमध्ये आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, आत्याने आजीच्या शेवटच्या वर्षात रेकॉर्ड केलेल्या. मी माय डॉक्युमेंट्स उतरवलं होतं, डी उघडूनही बघितलं नव्हतं. त्या ओव्या दुसरीकडे कुठेच नाहीत. आत्या मला एका शब्दाने बोलली नाही. तेव्हापासून मी कोणाचीही जुनी डिस्क निदान एक महिना फॉरमॅट करू देत नाही.

वायर काढलेली आहे हे पडद्यावरही तपासता येतं. इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ निवडलंत की डिस्कांची यादी येते. ४८० जीबीची एसएसडी तिथे ४४७ जीबी दिसेल, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. तुमची ५०० ची हार्ड डिस्क ४६५ दिसते. ४४७ आणि ४६५, हे दोन आकडे इतके जवळचे आहेत की चष्मा नसेल तर चुकीच्या ओळीवर क्लिक जातं. यादीत ४६५ दिसली तर तिथेच थांबा, बंद करा आणि वायर काढा. एकटी ४४७ ‘अनअलोकेटेड’, म्हणजे कोरी, दिसली की निर्धास्त पुढे जा.

त्याही आधी बायोसमध्ये एकदा डोकावा. सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबा, साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, जुनी ‘आयडीई’ असेल तर नवी ‘एएचसीआय’ करा. हे विंडोज घालण्यापूर्वीच करायचं. जुन्या डिस्कवरचं विंडोज आयडीईत बसवलेलं असेल, तर बदलानंतर ते निळा पडदा दाखवून थांबेल. ते बिघडलेलं नाही. कधी त्यात परत जावं लागलं तर मोड पुन्हा आयडीई करा.

दोन-तीन वेळा बंद-चालू करून नवं विंडोज नीट उठतं आहे हे बघितलंत, की बंद करून जुनी डिस्क पुन्हा जोडा आणि बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये एसएसडी पहिली ठेवा. फॉन्ट घाला, कुळवृत्तांत उघडा, अधलंमधलं पान वाचून बघा. मजकूर कायमचा सुरक्षित करायचा तर पुढे युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही एका फॉन्टवर न अडणाऱ्या लिपीत, बदलून घ्या. इतक्या पिढ्यांची नावं एका फॉन्टच्या फाइलीवर अवलंबून राहू नयेत असं मला मनापासून वाटतं.

विंडोजबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नावनोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, एसएसडी लावली तरी नाही. लिहिणं, वाचणं, फोटो यांसाठी हे मशीन अजून पुष्कळ चालेल, पण बँकेचे व्यवहार त्यावर करत असाल तर त्या तारखेनंतर ते मोबाइलवर न्या, किंवा भाच्याकडून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घालून घ्या. ते अशा मशीनवर छान चालतं, फक्त जुनं मराठी टायपिंग सॉफ्टवेअर त्यात चालेलच असं धरू नका.

आणि हो, तुम्हाला जमेल. आयुष्यभर सिंचन खात्यात काढलेल्या माणसाला चार स्क्रू आणि दोन वायरी जड नाहीत. पहिल्यांदा मात्र भाच्याला शेजारी बसवा.

प्रश्न : ताई, गेल्या महिन्यात आमच्या दहा वर्षं जुन्या डेस्कटॉपला एसएसडी लावून घेतली. छान चालतो. पण दोन-तीन दिवस मेन स्विच बंद राहिला, की ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा येतो आणि घड्याळ भलतंच जुनं वर्ष दाखवतं. ज्याने लावली तो म्हणतो विंडोज परत घालावं लागेल. दोनदा घातलं, पुन्हा तेच.
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, तिसऱ्यांदा घालू देऊ नका. तुमच्या पत्रातच उत्तर आहे : घड्याळ. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना तारीख आणि बायोसची निवड तोच सांभाळतो. तो संपला आहे. मेन स्विच बंद राहिला की बायोस सगळं विसरतं, साटा मोड एएचसीआयवरून मूळच्या आयडीईवर जातो, आणि एएचसीआयमध्ये बसवलेल्या विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नाही. एसएसडी चांगली आहे, विंडोजही चांगलं आहे.

पुढच्या वेळी निळा पडदा आला की बायोसमध्ये जाऊन मोड एएचसीआय करा, विंडोज सरळ उठेल. मग बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, बंद करून पिन काढा आणि सेल बदला. कडेची बारीक पत्र्याची चिमटी नखाने बाजूला केली की जुना सेल टुणकन वर येतो. नवा बसवताना अधिकचं चिन्ह वर. घड्याळाचे सेल मिळतात त्या दुकानात हा मिळतो. बसवल्यावर तारीख, साटा मोड आणि बूट ऑर्डर या तीनच गोष्टी फोटो बघून पुन्हा लावा. तारीख चुकीची राहिली तर बँकेच्या आणि इतर साइट्सही ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडायला नकार देतील. त्याला घाबरू नका.

प्रश्न : मावशी, मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. जुन्या पीसीला २४० जीबीची एसएसडी लावली. मित्र म्हणतात, एसएसडी लिहून लिहून झिजते, म्हणून पेज फाइल बंद कर, डीफ्रॅग बंद कर, डाउनलोड करू नकोस. खरं का?
– एक विद्यार्थी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : झिजते हे खरं, पण हिशेब करून बघ. २४० जीबीच्या साध्या एसएसडीच्या कागदावर एकूण लिखाणाची हमी ८० टेराबाइटच्या आसपास असते. तुझ्या मॉडेलचा आकडा कंपनीच्या साइटवर बघ. रोज २० जीबी लिहिलंस, आणि विद्यार्थ्याचं एवढं रोज होत नाही, तरी ८० टेराबाइट व्हायला ४००० दिवस लागतील, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं. पेज फाइल, म्हणजे रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा, राहू दे. रॅम कमी असलेल्या मशीनवर ती बंद केलीस तर प्रोग्राम मध्येच बंद पडतील.

एसएसडी अचानक जाऊ शकते ही काळजी मात्र खरी आहे. हार्ड डिस्क आधी कटकट आवाज करून सांगते, ही सांगत नाही. शिवाय पुसलेली फाइल ट्रिममुळे (पुसलेली जागा मोकळी करून टाकणारी सोय) सहसा परत मिळत नाही. तुझे प्रॅक्टिकलचे रिपोर्ट दुसरीकडेही ठेव.

डीफ्रॅगचं, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे जवळ आणण्याचं : विंडोज ८ पासून तीच खिडकी एसएसडी ओळखून डीफ्रॅगऐवजी ट्रिम करते. आठवड्याचं ते वेळापत्रक चालू राहू दे. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ उघड आणि सी समोर ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलेलं आहे ना, एवढं बघ. ‘हार्ड डिस्क’ लिहिलेलं दिसलं तर मात्र मला पुन्हा लिही, सोबत बोर्डाचं नाव आणि बायोसमधला साटा मोड कळव.